क्रिव्हुल्याच्या खोऱ्यातली साद

फोनवर कुणी बोलत नव्हतं, नुसता श्वास चालला होता, म्हणून रोमुआल्दनं फोन कापला. तो तेव्हा क्राकूव शहरातल्या एका जुन्या इमारतीत, बंद पडलेल्या लिफ्टच्या टपावर उभा होता. कपाळावर दिवा, हाताला वंगण, पायाखाली अंधाराची विहीर आणि डोक्यावरही अंधाराचीच विहीर. श्वास चमत्कारिक होता. माणसाच्या नाकातोंडातून यावा तसा नव्हता. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून वारा जावा तसा, आत कुठेतरी बारीक शीळ धरलेला. कुणी टवाळ पोरगं असेल असं समजून त्यानं अंगठा दाबला आणि परत दोराच्या पिळाकडे वळला. पण हात चालेना. थोड्या वेळानं फोन पुन्हा वाजला, तेव्हा पलीकडे भावजय होती, इरमिना.

"रोमेक, तू फोन कापलास."

"कुणी बोलेचना. मला वाटलं, कुणी चेष्टा करतंय."

"लुदेक होता तो." ती जराही रागावली नव्हती, आणि तेच जास्त लागलं. "आवाजाची पेटी काढलीय त्याची, सांगितलं होतं ना तुला? मी म्हटलं, कशाला लावतोस फोन, बोलणार काय तू? तर हातानं म्हणतो, तो ओळखेल."

ओळखलं नव्हतं. लिफ्टच्या टपावर मांडी घालून तो बसून राहिला. वरच्या मजल्यावरची म्हातारी दारावर थाप मारून विचारत होती, अहो मेलात की काय आत. अर्धं आयुष्य त्यानं या विहिरींत घालवलं होतं. शहरातला माणूस वर जातो आणि खाली येतो. त्याचं जाणं-येणं दोराला बांधलेलं, एक पेटी वर गेली की दुसरीकडून लोखंडाचं वजन खाली येणार, ठरलेलं. रानातलं जाणं-येणं आडवं असतं, वाऱ्यानं ठरतं, भुकेनं ठरतं, आणि ते वाचायला त्याला लुदेकनं शिकवलं होतं. थोरला भाऊ, लुदवीक. त्याचा आवाज अख्ख्या तालुक्याला ठाऊक होता. सप्टेंबर लागला, पहाटे गवतावर पांढरं पडायला लागलं, नर हरणं माजावर आली, की लांबलांबची माणसं त्याला बोलावून न्यायची. लुदेक बैलाचं पोकळ शिंग ओठांना लावायचा आणि पोटातून असा हंबरायचा की घरातली कुत्री खाटेखाली जायची आणि आई चुलीपाशी म्हणायची, "अरे बास कर, दूध नासेल." समोरच्या डोंगरातून उत्तर यायचं. मग बीचच्या झाडांतून तो यायचा, मान फुगलेली, अंगावर चिखलाचा लेप, डोळे लाल, शिंगांना अडकलेली गवताची जट. आपला वैरी शोधत यायचा आणि त्याला दिसायचा एक काटकुळा माणूस. छोट्या रोमेकला तेव्हा हरणाची दया यायची. फसवतोस तू त्याला, तो म्हणायचा. लुदेक म्हणायचा, "फसवत नाही रे. इतक्या मोठ्या रानात आपण एकटेच नाही, भांडायला का होईना कुणीतरी आहे, एवढंच कळवतो मी त्याला. ते कळलं की त्याच्यानं राहवत नाही, येतो." तो आवाज डॉक्टरांनी एका दुपारी कापून काढला होता आणि जागी एक भोक ठेवलं होतं, त्यातून भावाचा जीव शीळ घालत होता, आणि त्या शिळेला आपण टवाळ पोरगं म्हणालो.

"काय हवंय त्याला?" त्यानं इरमिनाला विचारलं होतं.

"रान बघून ये म्हणतो. क्रिव्हुल्यातला म्हातारा नर अजून येतो का, तेवढं बघ म्हणतो."

तो सान्योकपर्यंत आगगाडीनं आणि पुढे बसनं गेला. खिडकीबाहेर मक्याची शेतं होती, माणसापेक्षा उंच, लहानपणी इथे बटाटे असायचे. स्वयंपाकघरात लुदेक खिडकीपाशी बसला होता. गळ्याला पांढरी पट्टी, पट्टीखाली धातूची नळी. खांदे कोटाच्या खुंटीसारखे वर आलेले. त्यानं रोमेकचा हात दोन्ही हातांत घेतला, ओठ हलवले, आवाज आला नाही, इरमिना पातेल्यातलं बीटचं सार ढवळता ढवळता, मागे न बघता म्हणाली, "तुझं पोट सुटलंय म्हणतो."

"न बघता कसं कळलं तुला?"

"इतकी वर्षं दुसरं काय बोललाय तो कुणाला?"

लुदेकचे खांदे हलले. हसला होता तो. नळीतून हवा फस्सकन बाहेर आली, आणि रोमेकनं राय धान्याच्या पावाकडे बघितलं, मिठाकडे बघितलं, खिडकीतल्या माशीकडे बघितलं. जेवण झाल्यावर इरमिना त्याला सरपणाच्या खोपटात घेऊन गेली, लाकडं काढायच्या निमित्तानं. शिकारी मंडळानं यंदा मानाचा नर मारायचा हक्क लुदेकच्या नावे ठेवला होता. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी बोलावलं त्यानं, एकदा त्याच्यासाठी. "डॉक्टर म्हणतात, गार हवा त्या भोकातून सरळ छातीत जाते," ती म्हणाली. "एक संध्याकाळ मचाणावर बसला तर कदाचित तेवढ्यानंही संपेल. मला चालेल. ऐकतोयस ना? चालेल मला. म्हातारा खरंच असेल तर नेऊ त्याला उचलून, बघू दे. पण रिकाम्या रानात गारठून मरायला मी त्याला पाठवायची नाही. मग तो माझ्या बिछान्यात मरेल, माझ्या हाताखाली. तू बघून ये आणि मला सांग, आहे की नाही. मला गोड बोललेलं नको. तुझ्या शब्दावर ठरवणार मी." तिनं लाकडांची मोळी त्याच्या हातांवर रचली, हनुवटीपर्यंत, जणू शब्दही त्यातच घातला.

रान बघायला जाणं म्हणजे शिकारीला जाणं नव्हे. बंदूक न्यायची नाही. सिगारेट ओढायची नाही. वारा तोंडावर घेऊन चालायचं, आणि जमिनीला विचारायचं, कोण आलं होतं, कधी आलं, कुठे निजलं, काय खाऊन गेलं. आणि मुख्य म्हणजे हंबरायचं नाही. आधीच बोलावून ठेवलं तर जनावर सावध होतं, पुढे खऱ्या वेळेला येत नाही. रान बघायला गेलेल्या माणसानं शिंग वाजवणं म्हणजे साखरपुड्यालाच मुलगी पळवणं, असं मंडळातले म्हातारे म्हणत. लुदेक तर म्हणायचा, आधी जमीन, मग डोळे, सगळ्यात शेवटी कान. कानाला हवं ते ऐकू येतं. तरी निघताना रोमेकनं भिंतीवरच्या खिळ्याचं शिंग उतरवून पोतडीत टाकलं. का टाकलं, ते त्याला सांगता आलं नसतं. लुदेकनं बघितलं का, तेही त्यानं बघितलं नाही.

क्रिव्हुला म्हणजे गाव नव्हे, गावाची जागा. तिथल्या माणसांना मोठ्या लढाईनंतर गाड्यांत घालून नेलं, घरं जळाली, चर्च पडलं, राहिल्या त्या विहिरी आणि सफरचंदाची झाडं. कुणी न लावल्यासारखी ती रानात शिरली होती, दरवर्षी फळायची, आणि दरवर्षी डोंगरातून हरणं त्या फळांसाठी उतरायची. रोमेकची आई त्याला नि लुदेकला घेऊन इथे यायची, आंबट फळांचं सरबत करायला. खालच्या फांद्यांची घ्यायची, वरची ठेवायची, आणि फांदी हलवताना म्हणायची:

सफरचंदा, पड की खाली, रान आलं जेवायाला,
शिंगांवरती चांदणं घेऊन पाहुणा आला न्हायाला.

यंदा झाडं वाकली होती. पण खाली गवतात फळांचा थर होता, तपकिरी, मऊ, बूट ठेवला की पुळकन दबणारा, आणि वर गांधीलमाश्यांचा एकच एक गुंजारव. आंबूस, दारूसारखा वास नाकात बसला. कुणी खाल्लं नव्हतं. एका फळावर दातांची खूण होती, ती उंदराची. तो उभा राहिला. आत कुठेतरी एक पेटी दोर तुटल्यासारखी खाली निघाली होती आणि ती तळाला लागायच्या आत त्यानं स्वतःला सांगितलं, फळंच फार आलीत यंदा, खाऊन खाऊन किती खातील. मग तो चिखलाच्या डबक्याकडे गेला, जिथे नर लोळायचे. चिखल वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या, कडेनं गवत उभं, एकही केस नाही. फर झाडाच्या खोडावर शिंगं घासल्याची खूण सापडली. हात लावून बघितलं तर डिंक दगडासारखा, कडांवर नवी साल चढू लागलेली. गेल्या सालची. जुन्या वाटेवर नेचे दोन्ही बाजूंनी येऊन एकमेकांच्या गळ्यात पडले होते. बसचा ड्रायव्हर म्हणाला होता, लांडगे वाढलेत. खाली लाकूडतोड्यांतला एकजण म्हणाला, आमचेच ट्रॅक्टर हो, दुसरं काय. इरमिना म्हणाली होती, खाली एवढा मका उभा असताना डोंगर चढून आंबट सफरचंदं खायला हरणं काय माझ्या नवऱ्यासारखी खुळी आहेत? प्रत्येकाजवळ एकेक कारण होतं आणि हरीण कुणाजवळच नव्हतं. जमीन स्वच्छ बोलत होती. नाही, म्हणत होती. रोमेकनं जमिनीकडे पाठ केली, पडक्या भिंतीवर बसला, आणि सूर्य डोंगराला टेकला तेव्हा पोतडीतून शिंग काढलं.

पहिल्यांदा नुसता घोगरा वारा निघाला. लाजेनं त्याचे कान तापले. मग त्यानं डोळे मिटले, लुदेक करायचा तसं पोट आत घेतलं, आणि हंबरला. आवाज खोऱ्यात गेला, समोरच्या चढाला लागला, परत आला, विरला. काही नाही. एक खारूताई खोडावरून पळाली. काही नाही. त्याला वाटलं आपण या सगळ्या मेलेल्या गावाच्या मधोमध बसून रडलो आहोत आणि कुणी विचारायलाही आलेलं नाही. आणि मग पलीकडून, खिंडीच्या वरून, जिथे बीच दाट होते तिथून, उत्तर आलं.

त्याच्या दंडावरचे केस उभे राहिले. जड, संथ, खर्जातला आवाज. शेवटी एक खोकल्यासारखा तुकडा, म्हाताऱ्या नराचा असतो तसा. त्यानं पुन्हा साद घातली. पुन्हा उत्तर. अंधार पडेपर्यंत ते दोघे बोलत राहिले, आणि डोंगर उतरताना रोमेकच्या गालांवर पाणी होतं, ते त्यानं पुसलं नाही. शहरात बायको सोडून गेली तेव्हा, मुलगी परदेशी गेली तेव्हा, सुटीच्या दिवशी अख्खा दिवस एक शब्द न बोलता गेला तेव्हा जे काही साचलं होतं ते त्या उत्तरानं हललं होतं. पुढच्या सकाळ-संध्याकाळी तो जात राहिला. आवाज कधी खिंडीत असे, कधी ओढ्याच्या वरच्या अंगाला; तो जवळ जायला बघे, वाऱ्याच्या आडून वळसा घेई, तर आवाजही सरकलेला असे. हुशार आहे, तो मनात म्हणे, म्हातारा आहे, वारा ओळखतो. खुरांचा ठसा त्यानं मग शोधलाच नाही. ज्याच्याशी रोज बोलणं होतं त्याच्या पायांचे ठसे कोण शोधतं?

लुदेकला त्यानं एवढंच सांगितलं: ऐकला. आपण आधी हंबरलो हे सांगितलं नाही. लुदेकचे ओठ हलले आणि इरमिना म्हणाली, "आवाज कसा म्हणतो?" "जड. शेवटी खोकतो." लुदेकनं डोळे मिटून मान हलवली, कितीतरी वेळ हलवत राहिला. "झेनोनकाकापण तेच सांगून गेले परवा," इरमिना म्हणाली. झेनोन हा लुदेकचा जुना सोबती, खिंडीपलीकडे लेकीकडे राहणारा, मंडळातला सगळ्यात वयस्कर. "ते म्हणाले, त्यांच्या बाजूनं ऐकलाय, दांडगा आहे, क्रिव्हुल्याच्या अंगाला असतो." रोमेकच्या छातीतला शेवटचा आकडा सैल झाला. दोन वेगवेगळे कान, दोन बाजू, एकच आवाज. याहून पक्की खूण कुठली? इरमिना त्याच्याकडे बघत होती. हात पुसायचा पंचा तिनं पिळून धरला होता. "आहे," तो म्हणाला. तिनं पंचा झटकून दोरीवर टाकला. "बरं," ती म्हणाली, "मग नेऊ."

नेण्याच्या दिवशी सकाळी तो शेवटचं बघायला वर गेला. मचाण कुठल्या बाजूनं झाकावं, शेजाऱ्यांनी लुदेकला खुर्चीसकट कुठून चढवावं, म्हातारा संध्याकाळी कुठून उतरेल, एवढंच. वारा पडला होता. इतके दिवस सतत वाहणारा वारा त्या सकाळी असा पडला होता की गवताचं पातं हलत नव्हतं आणि धुकं ओढ्यावर बसून राहिलं होतं. आवाज आला तो अगदी जवळून, सफरचंदाच्या झाडांपलीकडून. वळसा घ्यायची गरज नव्हती. तो पोटावर झोपला आणि ओल्या गवतातून सरकत गेला, कुजक्या फळांवरून, कोपरं चिकट होत होती. झाडाच्या बुंध्याआडून त्यानं डोकं वर काढलं. पडक्या विहिरीच्या कठड्यावर झेनोनकाका बसला होता. पायात रबरी बूट, मांडीवर थर्मास, तोंडाला शिंग. हंबरून झालं आणि तो वाकून खोकला, बराच वेळ खोकला, मग थुंकला.

रोमेक उठून उभा राहिला. झेनोनकाकानं आधी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या गळ्यात अडकवलेल्या शिंगाकडे.

"तू?" तो म्हणाला.

"काका."

"थांब. थांब जरा." त्यानं थर्मास कठड्यावर ठेवला, तो लवंडला, चहा दगडावरून वाहिला. "म्हणजे तो तू होतास? एवढे दिवस?"

"तुम्ही होतात?"

"अरे मी तुला बारा टोकी शिंगांचा नर समजलो होतो रे!" झेनोनकाका हसायला लागला, हसता हसता पुन्हा खोकला. "लेकीला म्हटलं, असा नर मी तरुणपणापासून बघितला नाही. रोज तुझ्यामागे फिरतोय, गुडघे गेले माझे. वारा तोंडावर घ्यायला मी इकडून वळलो की तू तिकडून वळायचास. म्हटलं, काय डोकं आहे जनावराला! आपण एकमेकांभोवती फिरत होतो, गाढवा, घाण्याच्या बैलासारखे."

"रान बघताना हंबरायचं नसतं, काका."

"मला शिकवू नकोस. मी गपच बसलो होतो. कान देऊन बसलो होतो, काही नव्हतं, उठून घरी निघालो होतो. तू हंबरलास, म्हणून मी शिंग उचललं." हसू ओसरलं. धुक्यात कुठेतरी पानावरून पाणी ठिबकत होतं. "एकही ठसा नाही," झेनोनकाका सावकाश म्हणाला. "बघितला होता मी. तुलाही दिसलं असेल की."

"दिसलं होतं."

"आणि लुदेकला सांगितलंस?"

"सांगितलं."

"मीही सांगितलं. मग इरमिनाकडून कळलं, तुलाही ऐकू आलाय. म्हटलं, म्हणजे खराच." त्यानं टोपी काढली आणि तिच्या आत बघत बसला. "दोघांनी शपथेवर सांगितलं आपण त्याला. दोघांनी मिळून."

रोमेक फळांच्या त्या थरात बसला. त्याला काही वाटत नव्हतं, आणि मग एकदम सगळंच वाटायला लागलं. हे खोरं किती मोठं आहे, किती नीट रिकामं आहे, आणि या रिकाम्यात त्यानं रोज संध्याकाळी आपलं काळीज काढून कुणाला दाखवलं, तर एका खोकणाऱ्या म्हाताऱ्याला, जो पलीकडे त्याचंच काळीज हरणाचं समजून घरी नेत होता. आणि तरी ते बोलणं खोटं होतं असंही म्हणवेना. फोन वाजला. इरमिना होती. "दाढी केली त्यानं स्वतः," ती म्हणाली. तिचा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता इतका हलका होता. "हिरवा कोट घातलाय. टोपीला पीस लावून दे म्हणतो, नवरदेव झालाय नुसता. शेजारच्या यान्तोसचा ट्रॅक्टर दुपारी येईल. वर आहेस ना? आहे ना रे तो?"

झेनोनकाका त्याच्याकडे बघत होता. नाही म्हणायला एवढासा श्वास पुरला असता. तिनं मागितलाच होता तो शब्द, कोरडा, कडू, लाकडांच्या मोळीसारखा. तो द्यायला तर तो इथवर आला होता. नाही म्हटलं की कोट उतरेल, पीस निघेल, लुदेक पुन्हा खिडकीपाशी बसेल, आणि किती दिवस बसेल, माशीकडे बघत? आहे म्हटलं तर तिनं त्याच्यावर टाकलेला शब्द तो तिच्याच पुढ्यात मोडत होता. त्याच्या तोंडातून काहीतरी आलं. ते "आहे" होतं.

"हो म्हणालास तू," झेनोनकाका नंतर म्हणाला. दोष देत नव्हता. मग त्यानं टोपी घातली. "मी वर डोंगराच्या सोंडेमागे बसतो. तिथून मचाणाला दिसत नाही काही, नुसतं ऐकू येतं. सूर्य टेकला की तू पहिली साद घाल, मी उत्तर देतो. म्हातारा बाहेर नाही आला तर नाही आला; कितीदा येत नाहीत. ऐकून तर जाईल." तो उठला, गुडघ्यावर हात ठेवून. "फक्त गोळी घालू नका रे मला. लेकीनं रात्री डंपलिंग करायचं कबूल केलंय."

दुपार टळल्यावर चार शेजाऱ्यांनी लुदेकला स्वयंपाकघरातल्या खुर्चीसकट वर चढवलं. मचाण बुटकं होतं, तरी शेवटच्या पायऱ्यांना त्यांना धाप लागली, यान्तोस म्हणाला, "लुदेक, आजारी माणसं हलकी असतात म्हणे, तुझी बायको तुला चोरून चरबी खाऊ घालते की काय?" लुदेकचे खांदे हलले. मग ते सगळे खाली उतरले, ट्रॅक्टरजवळ बसायला, इरमिनापाशी, बोलणं वर ऐकू येणार नाही इतक्या दूर. मचाणावर दोघे भाऊ उरले. लुदेकच्या गळ्यावर लोकरीचा पट्टा होता, त्याखालून शीळ येत होती. त्यानं बंदुकीकडे बोट केलं. रोमेकनं तिच्यात काडतूस घातलं, खिट्टी सरकवली, बंदूक लुदेकच्या मांडीवर ठेवली. समोर बाग होती, बागेमागे बीचची सोंड, तिच्यावर उतरतं ऊन तांब्यासारखं. लुदेक बघत होता. असं बघणं रोमेक विसरला होता. एका जागी न बघता सगळीकडे एकदम बघणं, जसा तवा सगळीकडे सारखा तापतो. पापणी हलत नव्हती. या डोळ्यांना ती नेच्यांनी बुजलेली वाट दिसत असणार. तो वाळलेला चिखल दिसत असणार. रोमेकला वाटलं आत्ताच सांगावं, आणि सूर्य डोंगराला टेकला.

त्यानं शिंग उचललं. साद घातली. ती बरी निघाली, आजवरची सगळ्यात बरी.

सोंडेमागून उत्तर आलं.

लुदेकचा हात त्याच्या मनगटावर आला. बोटं हाडांची होती, पण पकड जुनी. त्याचा चेहरा उजळला, खरोखर उजळला, गाल आत ओढले गेले, ओठ उघडले, आणि नळीतली शीळ थांबली. त्यानं श्वास धरला होता, ऐकण्यासाठी. क्षणभर तो तोच होता, बैलाच्या शिंगापाठी उभा राहून डोंगराची वाट बघणारा. रोमेकनं पुन्हा साद घातली. पुन्हा उत्तर आलं, लांब, जड, आणि शेवटी तो तुकडा, खोकल्यासारखा. लुदेकनं ऐकलं. मान किंचित कलती केली. ज्यानं आपल्याहून थोरल्या झेनोनलाही शिंग धरायला शिकवलं होतं, ओठ असे नाही असे, पोटातून, छातीतून नको, त्यानं तो तुकडा शेवटपर्यंत ऐकला. मग मनगटावरचा हात सुटला.

त्यानं बंदुकीची खिट्टी मागे ओढली. त्याला जोर लागत होता, रोमेकला मदत करवली नाही. काडतूस बाहेर आलं, पितळी, लहानसं. समोर माणूस असला की बंदूक भरलेली ठेवायची नसते. हे त्या डोंगरात बाळांना चालायच्या आधी सांगतात. लुदेकनं ते काडतूस रोमेकच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं एकेक करून त्यावर मिटवली, अंगठा सगळ्यात शेवटी. रागानं नाही. कसल्याच भावनेनं नाही, जसं आपण दुसऱ्याची वस्तू त्याला परत देतो. मग तो पुन्हा बागेकडे बघायला लागला. आता तो एकाच जागी बघत होता.

"लुदेक," रोमेक म्हणाला. "दादा."

लुदेक वळला नाही. उन्हाचा शेवटचा पट्टा सोंडेवरून उतरला आणि गार हवा खालून, ओढ्याकडून, वर चढू लागली. शीळ पुन्हा सुरू झाली होती, आधीपेक्षा उथळ. खाली ट्रॅक्टरपाशी कुणी शेकोटी पेटवली असावी. इरमिना तिथे बसली असेल, आवाज ऐकत, म्हणत असेल, आहे. सोंडेमागून झेनोनकाका पुन्हा हंबरला. रोमेकनं शिंग मांडीवर ठेवलं होतं. उत्तर आलं नाही तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता झाली, काळजीची, आणि मग म्हाताऱ्यानं परत साद घातली, जास्त जोरानं, आपली साद ऐकू गेली नाही म्हणून असेल, किंवा नेम धरला असेल आता, म्हणून नर अजून पुढे यायला हवा असं वाटून असेल. सुरुवात कशी करायची ते दोघांनी नीट ठरवलं होतं. थांबायचं कसं, ते ठरवायचं राहून गेलं होतं. ओरडून सांगावं तर भावासमोर सांगावं लागलं असतं. खाली उतरून जावं तर भावाला एकट्याला सोडावं लागलं असतं. तो मूठ मिटून बसून राहिला. काडतूस तळहाताइतकंच गरम झालं. अंधार झाडांच्या बुंध्यांतून वर चढत होता, आणि पलीकडून तो आवाज येतच राहिला, दर वेळी जास्त घोगरा.